चार्जर: बिलाची काळजी कमी करा, बोर्डाची वाढवा

उन्हाळ्यात वीजबिल फुगलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: चार्जर प्लगला लावून ठेवू नका, फोन नसला तरी तो वीज ओढतो. मेसेज खोटा नाही. फक्त त्यात आकडा नसतो, आणि आकडा घातला की त्यातली हवा निघून जाते.

चांगल्या कंपनीचा आजचा चार्जर फोन न जोडता नुसता चालू ठेवला तर साधारण ०.१ वॅट किंवा त्याहून कमी वीज घेतो. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार केला की ८७६ वॅट-तास होतात, म्हणजे अख्ख्या वर्षात एक युनिटही (१,००० वॅट-तास) भरत नाही. घरात असे चार चार्जर बारा महिने चालू राहिले तरी साडेतीन युनिट. वहन आकार, वीज शुल्क वगैरे सगळं धरून युनिट १५ रुपयांना पडतं असं समजू. तरी वर्षाचे पन्नासेक रुपये. एवढ्यासाठी घरातल्यांशी रोज वाद घालण्यात अर्थ नाही.

आपला चार्जर ‘आजचा’ आहे की नाही हे लेबलवर कळतं. बारीक अक्षरांच्या गर्दीत कुठेतरी, बहुतेकदा गोलात, रोमन अंक छापलेला असतो. तो सहा असेल तर ४९ वॅटपर्यंतच्या चार्जरला रिकामं असताना ०.१ वॅटची मर्यादा आहे, त्याहून मोठ्या चार्जरला ०.२१ वॅटची. पाच असेल तर लहान चार्जरची मर्यादा ०.३ वॅट. ज्यांच्या पोटात लोखंडी ट्रान्सफॉर्मर असायचा ते जुने जड, ठोकळ्यासारखे अडॅप्टर मात्र रिकामे असतानाही एक-दोन वॅट खातात आणि हाताला कोमट लागतात. असा अडॅप्टर अजून कॉर्डलेस फोनला, जुन्या ट्रिमरला किंवा इमर्जन्सी लाइटला लागलेला सापडतो. दोन वॅट म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिट. तो जरूर बंद करा.

फोन चार्ज होताना लागणारी वीजही फार नाही. ५,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सरासरी ३.८५ व्होल्टने १९ वॅट-तास. चार्जर, केबल आणि फोनमधली घट धरून भिंतीतून साधारण २५ वॅट-तास जातात. म्हणजे एका युनिटमध्ये पूर्ण रिकामा फोन चाळीस वेळा भरतो. रोज शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज केला तरी वर्षाला नऊ युनिट. वायरलेस पॅडवर घट जास्त होते, वर्षाला तीन-चार युनिट वाढतील. पॅडबद्दलची तक्रार पैशांची नाही, तो फोन तापवतो ही आहे. त्याकडे पुढे येऊ.

तुलनेला पंखा घ्या. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नव्या प्रकारच्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला तर वर्षाला १९७ युनिट वाचतात. तेवढ्या विजेत एक फोन वीस वर्षं चार्ज होईल. रिमोटने ‘बंद’ केलेला सेट टॉप बॉक्स दहा वॅट घेत राहिला तर वर्षाला ८८ युनिट. वीज वाचवायचीच असेल तर बोट आधी त्या बटणाकडे जायला हवं.

हे कोणाच्या शब्दावर विसंबून मानायची गरज नाही, मीटर स्वतःच सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा टिमटिमत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास’ असं काहीतरी छापलेलं असतं. कुठे १६०० असेल, कुठे ६४००. फ्रिज, पंखे, दिवे, गीझर, वॉटर प्युरिफायर सगळं बोर्डावरून बंद करा. नेहमी ‘स्टँडबाय’वर राहणाऱ्या वस्तू तेवढ्या राहू द्या: टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, चार्जर. मग खाली मीटररूममध्ये जाऊन आपल्या मीटरच्या दोन टिमटिमण्यांमधले सेकंद मोजा. ३२०० वाल्या मीटरसाठी ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. येतील ते वॅट. दिवा मिनिटाला एकदा लागत असेल तर पावणेएकोणीस वॅट सतत जात आहेत. १६०० च्या मीटरसाठी ११२५ ऐवजी २२५० घ्या. नंतर एकेक वस्तू बंद करून पुन्हा मोजलं की गुन्हेगार सापडतो. एकट्या रिकाम्या चार्जरवर हा प्रयोग करू नका. ठरावीक किमान प्रवाहाखाली मीटर मोजणीच सुरू करत नाही, त्यामुळे दिव्याकडे बघत उभे राहाल.

तरीही चार्जर प्लगमधून काढून ठेवावा या मताचे आम्हीही आहोत. कारण बिल नाही, वेगळं आहे.

न्यूट्रल गेला की काय होतं

ठाणे, नवी मुंबईतल्या बहुतेक इमारतींना तीन फेजची केबल येते आणि घरं त्या तीन फेजवर वाटलेली असतात. प्रत्येक घराला एक फेज आणि सगळ्यांना सामाईक न्यूट्रल. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीत (पिलरमध्ये) पाणी शिरलं, मीटररूममधला जुना जोड गंजला किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल दुखावली की कधी कधी तेवढा न्यूट्रलच सुटतो. मग ज्या फेजवर लोड जास्त तिथे दाब कोसळतो, आणि ज्या फेजवर लोड कमी तिथे २३० चे थेट ३५० ते ४०० व्होल्ट होऊ शकतात. एकाच मजल्यावर एका घरातले दिवे मिणमिणतात आणि शेजारी डोळे दिपतील इतके लख्ख होतात. हे दिसलं की विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. मग शेजाऱ्यांना ओरडून सांगा आणि वीज कंपनीच्या १९१२ वर कळवा.

चार्जरच्या आत २३० व्होल्ट एसीचं आधी डीसी होतं, साधारण ३२५ व्होल्ट, आणि ते एका कपॅसिटरवर साठतं. हा कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टचा असतो. बाहेर ३८० व्होल्ट आले की आत ५३० च्या वर जातात. कपॅसिटर फुगतो, फुटतो, खोलीभर घाण वास सुटतो. बऱ्या चार्जरमध्ये फ्यूज आधी उडतो आणि गोष्ट तिथेच थांबते. फ्यूज नसलेल्यात आग आतून बाहेर येते. रात्री दोनला घरात कोणी जागं नसताना जेवढ्या वस्तू प्लगमध्ये, तेवढ्या या जुगारात. बटण बंद असेल तर चार्जर वाचतो. बोर्डावर तेवढी सवय पुरे.

मात्र बटण फेजवर हवं, नाहीतर ते बंद असतानाही चार्जरपर्यंत फेज पोचलेला असतो. जुन्या घरांत, विशेषतः मधूनमधून स्थानिक वायरमनकडून पॉइंट वाढवून घेतलेल्या घरांत, बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. बटण बंद, तरी चार्जरवरचा छोटा दिवा अंधुक पेटलेला दिसला तर हाच संशय घ्या. बटण बंद ठेवून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लावून बघा; कुठेही पेटला तर वायरिंग उलटं आहे. दुरुस्ती दहा मिनिटांची, पण परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

एमसीबीला काय दिसत नाही

‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर ट्रिप होईल’ हा दिलासा चार्जरच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. ६७ वॅटचा चार्जर पूर्ण जोरात चालला तरी अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. तुमच्या लाइटच्या सर्किटचा एमसीबी ६ किंवा १० अँपिअरचा. चार्जर तापून वितळायला लागला तरी एमसीबीच्या लेखी सगळं ठीक असतं. तो जास्त प्रवाह पकडतो, जास्त उष्णता पकडत नाही. सरळ शॉर्ट झालं तर मात्र पडतो, तेवढं श्रेय त्याला द्यावं लागेल.

आरसीसीबी वेगळं काम करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे कुठेतरी जमिनीत किंवा कोणाच्या अंगातून गेला, की तो पाडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घेतात. चार्जरचं इन्सुलेशन फुटून केबलच्या टोकाला मेनचा दाब आला आणि अनवाणी माणसाने फोन हातात घेतला, तर जीव वाचवणारी वस्तू ही. डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीत, ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असलेला स्विच दिसतो का बघा. असेल तर महिन्यातून एकदा ते बटण दाबा. पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे, बदलून घ्या. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशीतल्या जुन्या सेक्टरांत फक्त किटकॅट फ्यूज (तार बांधायचे जुने चिनीमातीचे फ्यूज) असतील तर घरातल्या इतर कुठल्याही विद्युत खर्चाआधी हा खर्च करा.

आता सैल सॉकेट. चार्जर लावताना ‘चट्ट’ आवाज येऊन ठिणगी दिसते, ती दोन कारणांनी. एक म्हणजे आतला कपॅसिटर रिकामा असतो आणि पिन टेकताच क्षणभर मोठा प्रवाह ओढतो. ही ठिणगी बटण बंद ठेवून प्लग लावला की दिसत नाही, आणि तसंच लावावं: आधी प्लग, मग बटण, काढताना आधी बटण, मग प्लग. दुसरं कारण पिनेची जाडी. आपल्या ६ अँपिअरच्या तीन पिनी प्लगच्या पिना ५ मिलिमीटरच्या. युरोपच्या धर्तीच्या दोन पिनी प्लगची पिन ४ मिलिमीटरची. बारीक पिन मोठ्या भोकात डुलते, त्यात वजनदार ठोकळा खाली लोंबतो, आणि सॉकेटमधली पितळी पट्टी हळूहळू ढिली पडते.

इथे एक बारकावा आहे जो सहसा सांगितला जात नाही. चार्जरच्या अर्ध्या अँपिअरने ढिला जोड सहसा पेट घेत नाही. सुरसुर होते, पिन काळी पडते, एवढंच. पण तोच सॉकेट उद्या इस्त्रीला वापरला जातो. १,००० वॅटची इस्त्री ४.३५ अँपिअर घेते. जोडाचा रोध एक ओहम झालेला असेल तर त्या वाटाण्याएवढ्या जागेत १९ वॅट उष्णता तयार होते. सॉकेट पिवळा पडतो, मग तपकिरी, मग वितळतो. म्हणजे सॉकेट बिघडवतो चार्जर, जाळते इस्त्री. बेडशेजारचा चार्जिंगचा पॉइंट इस्त्री, केटल, इंडक्शनसाठी वापरू नका, आणि प्लग लावल्यावर डुलणारा सॉकेट दुरुस्त करण्याऐवजी सरळ बदला. आयएसआय खुणेचा ६ अँपिअरचा सॉकेट घ्या. सगळ्या प्रकारचे प्लग गिळणारे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट दिसायला सोयीचे असतात, पण त्यांची पकड बहुतेकदा कशालाच नीट नसते.

खाडीकाठच्या घरांना हे जास्त लागू. कोपरी, कोलशेत, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी: दमट खारी हवा पितळेवर हिरवट थर आणते, आणि पावसाळ्यात भिंत ओली असेल तर बोर्डाच्या आतही तेच. पावसाळा संपल्यावर मेन बंद करून एखाद्या बोर्डाचे स्क्रू इलेक्ट्रिशियनकडून आवळून घ्यायला काही हरकत नाही.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल थोडक्यात. चार चार्जर एकत्र चालले तरी लोड दीडशे वॅटच्या आसपास, त्याला घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते त्याच बोर्डात नंतर येणाऱ्या केटलला. बोर्डाला तीन पिनी टॉप आणि आत खरोखर तीन तारा आहेत का हे बघा. स्वस्त बोर्डात अर्थचं (अर्थिंगचं) भोक असतं, मागे तार नसते.

हाताला मुंग्या येतात, ते काय?

चार्जिंगला लावलेल्या धातूच्या कडेच्या फोनवरून बोट हलकेच फिरवलं की खरखरीत, मुंग्या आल्यासारखं वाटतं. बरेच जण घाबरतात, बरेच दुर्लक्ष करतात. दोन्ही कधी बरोबर, कधी चूक.

चार्जरमध्ये मेनची बाजू आणि फोनची बाजू तारेने जोडलेल्या नसतात. मधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून चुंबकीय मार्गाने ऊर्जा पलीकडे जाते. पण रेडिओला त्रास देणारा गोंगाट दाबण्यासाठी दोन्ही बाजूंच्या मध्ये मुद्दाम एक लहान कपॅसिटर ठेवतात, त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. त्यातून सूक्ष्म प्रवाह गळतो, मिलिअँपिअरच्या छोट्या अंशाएवढा. दोन पिनी चार्जरला अर्थ नसल्याने तो प्रवाह तुमच्यातून जमिनीकडे वाट शोधतो. ती खरखर म्हणजे हा प्रवाह. अनवाणी, ओल्या फरशीवर जास्त जाणवते, चप्पल घातली की जाते. चार्जर चांगला असेल तर ती निरुपद्रवी आहे.

हात झटकला जाईल असा शॉक बसला तर मात्र ती वेगळी गोष्ट. बटण बंद करा, चार्जर काढा आणि तो परत वापरू नका. ‘दुसऱ्या बोर्डावर लावून बघू’ हेही नको.

लॅपटॉपला हीच मुंग्यांची तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थचा असतो. लॅपटॉपच्या तीन पिनी अडॅप्टरला अर्थ मिळाला की तो प्रवाह तिकडे जातो. तीन पिनी टॉपवर दोन पिनी कन्व्हर्टर घातला की अर्थ तुटला, आणि त्या लॅपटॉपला लावलेला फोनही झिणझिण्या देऊ लागतो.

स्वस्त चार्जरच्या पोटात

स्टेशनबाहेर शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा, ब्रँडचं नाव छापलेला चार्जर फोडून अस्सल चार्जरशेजारी ठेवला तर फरक समजायला शिक्षण लागत नाही. अस्सल चार्जरच्या सर्किट बोर्डावर मेनची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरची मोकळी पट्टी असते, कधी तिथे बोर्डाला आरपार खाचही कापलेली असते, म्हणजे धूळ आणि दमट हवा मिळून पूल बांधू शकत नाहीत. नकली बोर्डावर हेच अंतर मिलिमीटरभर. अस्सल ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या टेपचे थर आणि दुसऱ्या गुंडाळीला तिहेरी इन्सुलेशनची तार. नकलीत साधी एनॅमलची तार, कधी टेपचा एकच वेढा. अस्सलमध्ये सुरुवातीलाच फ्यूज किंवा फ्यूजसारखा जळणारा रोधक. नकलीत तिथे नुसती तार ओढलेली. सुटे भागच कमी असल्याने नकली चार्जर हातात हलका लागतो. कधी वजन यावं म्हणून आत लोखंडाचा तुकडा चिकटवतात, त्यामुळे वजनावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

न फोडता तपासायचं असेल तर लेबल वाचा. भारतात मोबाईल चार्जरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) सक्तीची नोंदणी आहे. लेबलवर बीआयएसची खूण, आयएस १३२५२ किंवा त्याच्या जागी येणारं नवं मानक, आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप उघडा, आर क्रमांक तपासायचा पर्याय निवडा आणि क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव, वस्तू, ब्रँड समोर येतात. क्रमांक ‘सापडला’ एवढ्यावर थांबू नका. नकली माल करणारे खरा क्रमांक उचलून छापतात. क्रमांक पॉवर बँकचा निघतो किंवा ब्रँड भलताच असतो. तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. आणखी एक खूण: चार्जर नोंदणी योजनेत येतो, आयएसआय परवान्याच्या नाही. सॉकेट, स्विच, वायर यांवर आयएसआय हवीच. चार्जरवर आयएसआयचं चिन्ह दिसलं तर छापणाऱ्याला स्वतःलाच नियम माहीत नाही असं समजा.

एकात एक दोन चौकोन हे चिन्हही शोधा. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, अर्थची गरज नाही. दोन पिनी चार्जरवर ते असलंच पाहिजे.

जास्त वॅटचा चार्जर लावल्याने फोन जळेल ही भीती अनाठायी आहे. चार्जर वीज ढकलत नाही, फोन हवी तेवढी मागतो. टाइप सी पीडीमध्ये (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे चार्जर आणि फोनने दाब आपसांत ठरवण्याची पद्धत) चार्जर आधी ५ व्होल्टच देतो. फोनने विचारलं तर ९, लॅपटॉपने विचारलं तर १५ किंवा २०. लॅपटॉपच्या ६५ वॅटच्या टाइप सी चार्जरने फोन खुशाल चार्ज करा. उलट अडचण वेगाची आहे. वनप्लस, ओप्पो, रियलमीची स्वतःची वेगवान पद्धत आहे. दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर हे फोन बहुतेकदा बऱ्याच कमी वेगाने भरतात. हळू चार्ज होणं हा बिघाड नाही, चार्जरचा शहाणपणा आहे. घरात चार फोन असतील तर बॉक्समध्ये आलेला चार्जर त्या त्या फोनला आणि सामाईक असा एक बऱ्या कंपनीचा पीडी चार्जर, एवढं पुरतं.

केबलही तितकीच महत्त्वाची. दोन्ही टोकं टाइप सी असलेली साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंत. त्यापुढे ५ अँपिअरला केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. चिप नसेल तर चार्जर स्वतःच ३ अँपिअरवर थांबतो. एकीकडे जुनं चपटं यूएसबी आणि दुसरीकडे टाइप सी असलेल्या स्वस्त केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक हवा असतो. तो चुकीचा घातला तर फोनला वाटतं ३ अँपिअर मिळणार, तो ओढू लागतो, आणि समोर जुना १ अँपिअरचा चार्जर किंवा टीव्हीचं पोर्ट असेल तर तेच तापतं. मानेपाशी वाकून आतली जाळी दिसू लागलेली केबल टेप गुंडाळून वापरू नका. टेपखाली तार तुटत राहते, आणि चार्जिंग कधी लागतं कधी नाही असं सुरू झालं की आत ठिणग्या सुरू झालेल्या असतात.

लहान मूल असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या चपट्या पोर्टच्या चार्जरची केबल नुसती लोंबत असली तरी तिच्या टोकाला ५ व्होल्ट हजर असतात. मूल ते तोंडात घालतं, लाळेने ओठाला भाजतं. दोन्ही बाजू टाइप सी असेल तर फोन जोडल्याशिवाय टोकाला दाब येत नाही. हा फरक चार्जर निवडताना धरावा असा आहे.

पोर्टमध्ये पाणी, गादीवर फोन

जून ते सप्टेंबर लोकलमधून घरी आलेला फोन पोर्टात ओल घेऊन येतो. पावसाची कमी, खिशातल्या घामाची जास्त. ‘पोर्टमध्ये ओलावा’ असा इशारा आला की तो खोटा समजून दुसरी केबल लावू नका. घामात मीठ असतं. मीठ, पाणी आणि चार्जिंगचा दाब एकत्र आले की पोर्टमधल्या पॉवरच्या पिनेचा मुलामा खाल्ला जातो आणि ती काळी पडते. एकदा काळी पडली की तिथे रोध वाढतो, प्लग तापतो, मग कोरड्या दिवसातही चार्जिंग अडतं. पोर्ट खाली धरून तळहातावर हलके ठोका, पंख्याखाली अर्धा तास ठेवा, इशारा परत आला तर आणखी काही तास. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याची पूड पोर्टात जाते. हेअर ड्रायरही नको. तोवर घाई असेल आणि फोनची पाठ कोरडी असेल तर वायरलेस पॅड इथे कामाचा.

केबल नीट बसत नसेल तर पोर्टच्या तळाशी जीन्सच्या खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने कडेने खरवडून काढा. सेफ्टी पिन, टाचणी नको. मधल्या पातळ जिभेवरच्या पिना वाकल्या की पोर्ट बदलावं लागतं.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे, रात्रभर चार्जिंग नव्हे. शंभर टक्के झाले की फोन चार्जिंग स्वतः थांबवतो. पण चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गादीवर, जाड कव्हरमध्ये असेल तर तयार झालेली उष्णता जायला वाट नसते. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या घरात रात्रीही खोली ३२-३३ अंशांवर असते. त्यात फास्ट चार्जिंगची उष्णता मिसळली की बॅटरी सहज ४० च्या वर जाते आणि दरवेळी थोडं आयुष्य कमी होतं. फोन स्वतःच वेग कमी करतो, म्हणून उन्हाळ्यात ‘चार्जिंग स्लो झालं’ अशी तक्रार येते. फोन टेबलावर किंवा फरशीवर ठेवा, कव्हर काढा, चार्जिंगवर गेम खेळू नका. चार्जर उशीखाली तर कधीच नाही. छोटे गॅन (गॅलियम नायट्राइडचे) चार्जर कमी वीज वाया घालवतात, पण आकार लहान असल्याने पृष्ठभाग जास्त तापतो; स्पर्शाला गरम लागणं ठीक, हात ठेवता येत नाही इतकं गरम ठीक नाही. प्लास्टिकचा वास आला किंवा पिवळेपणा दिसला तर तिथेच काम थांबवा.

वीस ते ऐंशीचा नियम कोणी कर्मकांडासारखा पाळत असेल तर गरज नाही. ज्यांचा फोन घरून काम करताना दिवसभर चार्जरलाच असतो त्यांनी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावावी, त्याचा खरोखर उपयोग होतो. बाकीच्यांनी रात्री झोपायच्या आधी जागेपणी चार्ज करून बटण बंद केलं तर न्यूट्रलचा प्रश्नही सुटतो.

फोनची मागची काच उचलली गेली, स्क्रीनच्या कडेने फट दिसू लागली, टेबलावर ठेवल्यावर फोन डुलतो आहे, तर बॅटरी फुगली आहे. आत वायू तयार झाला आहे. दाबून काच बसवू नका, टोचू नका, चार्ज करू नका. फोन बंद करा, लादीवर किंवा स्टीलच्या ताटात पडदे-कागदांपासून दूर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. धूर निघालाच तर आधी बोर्डाचं बटण किंवा मेन बंद करा, प्लग सुटला याची खात्री झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. बॅटरी थंड करणं हाच उपाय आहे, नुसती चादर टाकून विझत नाही. खोलीत धूर साठला तर फोनचा नाद सोडून बाहेर पडा आणि १०१ लावा.

काढलेली बॅटरी आणि जळका चार्जर घंटागाडीत टाकू नका. कॉम्पॅक्टरमध्ये कचरा दाबला जातो, बॅटरीची पिशवी फाटते आणि गाडीतला सुका कचरा पेटतो. २०२२ च्या बॅटरी आणि ई-कचरा नियमांनुसार जुना माल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवीन बॅटरी बसवताना जुनी काउंटरवरच ठेवून या. घरी ठेवायचीच वेळ आली तर तिच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि किल्ल्या-नाण्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकू नका.